आवळे खाऊन आलेलं रक्त

डिसेंबरातला दुसरा रविवार, सकाळची वेळ. ठिकाण: कामशेतहून पवनेच्या बाजूला जाताना लागणारी एक वस्ती, तिथल्या बुद्धविहाराचं सभागृह. हजर: रक्त घेणारी मी, ज्यांचा हा अभ्यास होता ते हृदयरोगाचे डॉक्टर, ज्यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणायचो, गाडी आणि बर्फाची पेटी सांभाळणारे सोमाटण्याचे यशवंतभाऊ, आणि पंधरा ते वीस वयाची वस्तीतली मुलंमुली, आयांसकट. गैरहजर: वीज.

मुलं उपाशीपोटी आली होती. तसं आधीच सांगितलं होतं आणि या वस्तीत सांगितलेलं लोक ऐकत. रांगेत पहिली अस्मिता होती. सतरा वर्षांची, तालुक्याच्या संघातून कबड्डी खेळणारी, दंडाची शीर लांबूनही दिसावी अशी. मी पट्टा बांधला आणि ती तोंड वेडंवाकडं करून म्हणाली, "मावशी, पटकन घ्या. दात लय आंबलेत, बोलवत न्हाई."

"उपाशी आहेस ना? मग दात कशाने आंबले?"

"उपाशीच हाये. आंबलेत कालपर्यंतच्या आवळ्यानं. महिना झाला, आई सकाळ-संध्याकाळ आवळाच देतीये."

मागून आवाज आला, "मलाबी." त्याच्या मागून, "आमच्यात तर चटणी, लोणचं, सरबत, समदं त्याचंच." एकाच्या आईने कामशेतच्या बाजारातून बरणीभर मोरावळा आणला होता. आणि भिंतीशी बसलेल्या आया एकमेकींकडे बघून हसत होत्या, परीक्षेच्या हॉलबाहेर बसलेल्या आया हसतात तशा.

मी सरांकडे बघितलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

का, ते सांगण्याआधी आमचं काम काय होतं ते सांगते. बाहेरच्या माणसाला ते लवकर कळत नाही आणि आम्हीही पूर्वी नीट सांगत नसू.

वांगं चिरून तसंच ठेवलं तर काळं पडतं. सफरचंदाच्या फोडीला लिंबू चोळलं तर काळी पडायला वेळ लागतो. शरीरातही असंच काहीसं चालू असतं. रक्तवाहिनीच्या अस्तरात शिरलेली चरबी अशीच खराब होते आणि मग तिथे थर साचायला लागतो. लोकांना वाटतं हे म्हातारपणी होतं. त्रास तेव्हा होतो, सुरुवात मात्र शाळा-कॉलेजच्या वयातही झालेली असू शकते. आता लिंबाचं काम करणारे पदार्थ रक्तातही असतात. सी जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, गाजर-भोपळ्याला रंग देणारी द्रव्यं, काही शरीर स्वतःच बनवतं ती. या सगळ्यांना मिळून अँटिऑक्सिडंट म्हणतात. सरांचा प्रश्न सरळ होता. ज्या मुलांच्या आईला किंवा वडिलांना तरुणपणीच हृदयविकार झाला, त्यांच्या रक्तात हे पदार्थ आधीपासून कमी असतात का? असतील तर ती धोक्याची आगाऊ खूण मानता येईल का?

प्रश्न सरळ, पण नमुना महाहट्टी. त्याला उजेड चालत नाही, उष्णता चालत नाही, उशीर चालत नाही. नळी भरली की लगेच चांदीच्या कागदात गुंडाळायची, बर्फात ठेवायची, गरगर फिरवणाऱ्या यंत्रात घालून वरचं पिवळं पाणी वेगळं करायचं आणि गोठवायचं. वीज नसली की यशवंतभाऊ गाडीतून जनित्र उतरवायचे. कागदात नळ्या गुंडाळताना बघून एक आजी म्हणाल्या होत्या, "बाई, पोळ्या बांधल्यावाणी रगत बांधतीस की."

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. तळेगावातल्या एका सोसायटीत एक मुलगा शपथेवर उपाशी होता आणि त्याच्या कोवळ्या मिशीत शेव अडकलेली होती. लोणावळ्यात चिक्कीच्या कारखान्यात काम करणारा एक पोरगा म्हणाला, "खाल्ली न्हाई मावशी, पाक झाला का बघाया नुसती चाटली." अशांना मी पुढच्या रविवारची वेळ द्यायची. रागवायची नाही. रागावलं की माणूस दुसऱ्यांदा येत नाही, आणि माझ्या कामात माणूस दुसऱ्यांदा येणं हेच निम्मं काम आहे.

तर, आवळे. महिन्याभरापूर्वी याच विहारात सरांनी सभा घेतली होती. सर बोलायला लागले की भान विसरतात. अँटिऑक्सिडंट समजावता समजावता ते म्हणून गेले, "तुमच्या मावळातला आवळा, करवंद, जांभूळ, हे सगळं यानेच भरलेलं आहे बरं का." मी त्याच वेळी कपाळाला हात लावला. करवंद-जांभळाचा हंगाम नव्हता. आवळ्याचा होता.

"सगळे नमुने फुकट. मुलांचा मूळचा आकडा आता कळणारच नाही," सर खिडकीतून मान वळवून पुटपुटले.

यशवंतभाऊंनी जनित्राची दोरी ओढता ओढता उत्तर दिलं, "सर, पेपर तुमीच फोडला. आता पोरांनी अभ्यास केला तर त्यांच्यावर कशाला चिडता?"

सर हसले. मग म्हणाले, "घ्या रक्त. कोलेस्टेरॉलचं काही आवळ्याने झाकलं जाणार नाही. अँटिऑक्सिडंटसाठी उन्हाळ्याच्या तोंडावर परत येऊ." मी सुई टोचली. अस्मिता डोळे मिटून बसली होती. नळी भरत आली तेव्हा एक डोळा उघडून तिने विचारलं, "झाले का पास?"

तिच्या आईचं नाव रत्नमाला. नवरा, विलास, तळेगावच्या एका कारखान्यात कामाला होता. चाळिशीच्या आत गेला. छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्याच्या वाटेवरच संपला. तेव्हापासून रत्नमाला पवनेच्या काठावर तंबूंचा एक कॅम्प आहे तिथे स्वयंपाक करते. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची मंडळी येतात, शेकोटी करतात, तिच्या हातची भाकरी आणि पिठलं खातात आणि भांड्यांचे फोटो काढतात. वस्तीत आवळ्याची मोहीम तिनेच चालवली होती. रानातून पोतं भरून आणून तिने घरोघर वाटले होते.

निकाल आले. प्रत्येक घराला एक कागद जायचा. वर अँटिऑक्सिडंटच्या ओळी, तळाला कोलेस्टेरॉल. ज्यांना भेटणं गरजेचं त्यांना मी स्वतः फोन करायची. अस्मितासाठी फोन केला तर रत्नमाला म्हणाली, "ताई, सीझन हाये, मला हलता येत न्हाई. पर तुमी या. सरांनाबी आणा. तोंड गोड करायचंय."

मंगळवारी आम्ही कॅम्पवर गेलो. पाहुणे नसल्यामुळे तंबूंची तोंडं उघडी टाकलेली, गाद्या उन्हात घातलेल्या. रत्नमालाने पदराला हात पुसले आणि पेढ्यांचा खोका पुढे केला.

"पहिला तुमी घ्या, ताई."

"कसले पेढे?"

"पोरगी पास झाली न्हवं? कागदावर लिहिलंय, उत्तम. समद्या वस्तीत तिचाच नंबर पहिला."

सरांनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. "रत्नमालाताई, सगळ्यात खालची ओळ बघितलीत का?"

"बघितली की. तितं तुमी चांदणी काढलीये." तिने मान वळवून मला सांगितलं, "शाळंतबी तिला लय चांदण्या मिळायच्या."

आमच्या संगणकातून धोक्याच्या आकड्यापुढे तारा छापून यायचा. तो कुणासाठी छापतो आहोत याचा विचार आमच्यापैकी कुणी केला नव्हता. सरांनी खाली मान घातली आणि मग सावकाश सांगितलं. कोलेस्टेरॉल खूप जास्त आहे. थोडंथोडकं नाही. हे खाण्यापिण्यामुळे झालेलं दिसत नाही, जन्मतः असावं. वडिलांकडून आलेलं असू शकतं.

"आस्मीला?" ती हसलीच. "सर, ही पोरगी एका दमात चार गडी मारून येती. हिला कसला आजार?"

अस्मिता तेवढ्यात सरावाहून आली. खांद्यावर पिशवी, गुडघे मातीने माखलेले. पेढा तोंडात टाकून म्हणाली, "काय झालं? सगळ्यांची तोंडं अशी का?"

सरांनी तिला बूट-मोजे काढायला सांगितले. टाचेच्या मागून वर पोटरीकडे जी जाड शीर जाते ती त्यांनी दोन बोटांत धरून बघितली. एका पायाची, मग दुसऱ्या. मलाही धरून बघायला सांगितली. जाड होती, मध्ये गाठाळ.

"कबड्डीनं झालंय ते," अस्मिता म्हणाली.

"कबड्डीने नाही. या आजारात कोलेस्टेरॉल इथेही साचतं," सर म्हणाले. मग रत्नमालाकडे वळून विचारलं, "हिच्या वडिलांच्या पापण्यांवर, नाकाकडच्या बाजूला, पिवळसर काही होतं का? जरा फुगीर?"

रत्नमालाचा हात आपोआप स्वतःच्या डोळ्याच्या कोपऱ्याकडे गेला.

"हितं," ती म्हणाली. "दोन्ही डोळ्यांना. लग्नातच व्हतं. आमी समदे त्यांना चिडवायचो, नवरदेवाची हळद धुतली गेलीच न्हाई म्हणून. शेवटपर्यंत चिडवायचे मी. सकाळी ते तोंड धुऊन आले की मी म्हणायचे, गेली का न्हाई अजून?" ती थांबली. "ते त्याचंच व्हतं का?"

सर म्हणाले, "बहुतेक."

अस्मिता मोजे हातात घेऊन आईकडे बघत उभी होती. मी तीस वर्षं हे काम करते आहे. घाबरलेल्या माणसाला कुठे बसवायचं, पाणी कधी द्यायचं, हे मला पाठ आहे. पण त्या दिवशी मला उठावंसं वाटलं नाही. एक बाई नवऱ्याची थट्टा आठवत होती आणि तिच्या मधे पाण्याचा पेला घेऊन जाणं मला बरं वाटेना.

मग तिने जे विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं. "मंग माझा आवळा? महिनाभर रान तुडवलं मी. त्यांच्या वक्ताला मला काय करता आलं न्हाई. हिला तरी वाचवते म्हणलं."

सर शास्त्र सांगायला लागणार हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मी आधी बोलले. "आवळा वाया गेला नाही. तिच्या रक्तात उतरलाय, ते कागदावर लिहिलंय आणि ते खरं आहे. पण हा आजार आवळ्याच्या हातातला नाही. याला गोळी लागते. रोज."

"किती दिवस?"

"कायम," सर म्हणाले. "आता सुरू केली तर ती तुमच्यापेक्षा म्हातारी होऊन मरेल. मध्ये लग्न झालं, मूल हवं असलं, तर त्याआधी आम्हाला सांगायचं; तेवढ्या काळात गोळी बंद ठेवावी लागते."

"कायम गोळी खाणारी पोरगी कोण करतंय?" रत्नमाला माझ्याकडे बघून म्हणाली. हे तिने सरांना विचारलं नाही, मला विचारलं. माझ्या दोन मुलींची लग्नं झाल्याचं तिला माहीत होतं.

मी काही बोलायच्या आत अस्मिताच म्हणाली, "आई, विधवा करून ठेवणारा नवरा तुला चालला. मी गोळी खाऊन जिती राहिले तर कुणाला तरी चालंल."

मला वाटलं आता थप्पड बसणार. पण रत्नमालाने सरांच्या हातातला पेढा काढून घेतला, खोक्यात ठेवला आणि झाकण लावलं. "गोळी कुटं मिळते?" तिने विचारलं.

"मंग आवळे बंद ना?" अस्मिता म्हणाली.

"गप बस. गोळीबी खायची आन् आवळाबी."

आठवडाभरात अस्मिताची पुण्यात सगळी तपासणी झाली. हृदय चांगलं होतं. गोळी सुरू झाली. रात्रीच्या जेवणानंतर रत्नमाला स्वतः समोर उभी राहून गोळी देते आणि मग जीभ बाहेर काढायला लावते. अस्मिता मला फोनवर सांगते, "मावशी, तुमच्यापेक्षा आईची तपासणी कडक हाये."

उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही परत त्या वस्तीत गेलो. या खेपेला सरांनी सभेत फळांचं नाव काढलं नाही; यशवंतभाऊ दारात उभे राहून त्यांच्यावर लक्ष ठेवून होते. आवळ्याचा जोर ओसरल्यावर मुलांचे अँटिऑक्सिडंटचे आकडे खाली आले होते. अस्मिताचा आकडा मधला, साधारण. तिच्यापेक्षा कमी असलेली मुलं होती आणि त्यांच्या घरात हृदयविकाराचा मागमूस नव्हता. जास्त असलेली होती, ज्यांचे वडील गेले होते. सरांनी पुढे कित्येक गावं, सोसायट्या, कारखान्यांच्या वसाहती पालथ्या घातल्या. एकदा परतताना गाडीत ते म्हणाले, "हा आकडा गर्दीबद्दल काहीतरी सांगतो. एकट्या मुलाबद्दल काही सांगत नाही. मला एकट्या मुलाबद्दल हवं होतं." त्यांच्या आवाजात खंत होती. अनेक वर्षं त्यांनी ज्या नळ्यांना ऊन लागू दिलं नाही त्या नळ्यांनीच सरांना अर्धंच उत्तर दिलं. मला मात्र त्या नळ्यांबद्दल तक्रार नाही. त्या निमित्ताने मुलं रांगेत आली. नुसत्या कोलेस्टेरॉलसाठी सतरा वर्षांच्या कबड्डीपटूला कुणी सकाळी उपाशी उठवून आणलं नसतं.

आता मी नव्या घरी गेले की मुलांचं रक्त घेण्याआधी घरातल्या मोठ्यांच्या पापण्यांकडे बघते. लोकांना ते विचित्र वाटतं. वाटू दे.

राहिला दिलीप.

दिलीप म्हणजे विलासचा धाकटा भाऊ, रत्नमालाचा दीर. लोणावळ्यात पर्यटकांना पॉइंट दाखवणारी जीप चालवतो. दोन मुलं आहेत, दोघंही शाळेत. त्या मंगळवारी आम्ही निघताना रत्नमाला गाडीपर्यंत आली आणि खिडकीशी वाकून हळूच म्हणाली, "भावजींच्याबी डोळ्याला हळद हाये." ते ऐकून सरांनी गाडीचं दार परत उघडलं होतं.

हा आजार एका घरात एकट्याला सहसा नसतो. दिलीपला असेल, तर त्याच्या प्रत्येक मुलाला असण्याची शक्यता निम्मी. मुलं लहान आहेत, बापाच्या संमतीशिवाय मी त्यांना हात लावू शकत नाही. म्हणून आधी दिलीप.

दिलीप माणूस गोड. मला कामशेतला उभी बघितली की जीप थांबवणार, पैसे घेणार नाही, माझ्या आईची चौकशी करणार. आणि दर वेळी तोंडात वडापाव. "आज न्हाई ताई, आत्ताच खाल्लं बघा. उपाशीपोटी येतो एकदा." असं दोन-तीनदा झाल्यावर मी सांगितलं, "दिलीपभाऊ, कोलेस्टेरॉलच्या पहिल्या तपासणीला उपाशी असावं लागत नाही. वडापाव संपवा आणि हात पुढे करा." त्यानंतर काही महिने त्याची जीप मला दिसली की वेग वाढवायची.

रत्नमालाने जाऊन सांगितलं, अस्मिताने भांडून बघितलं, सरांनी फोन केला. दिलीप सगळ्यांना हो म्हणाला.

या पावसाळ्यात एकदा कामशेतच्या फाट्यावर त्याने जीप थांबवली, आपणहून. मी बसले. थोडं पुढे गेल्यावर मी सरळ विचारलं, "भीती वाटते का?"

त्याने काच पुसली. "ताई, दादाला याच जीपमधून नेत व्हतो. गाडी दोस्त चालवत व्हता, दादाचं डोकं माझ्या मांडीवर. मला म्हाईत हाये माझ्यात काय हाये. आरशात रोज दिसतंय. पर तुमी कागदावर लिहून दिलं, की मला ते घेऊन जगायला लागंल. आत्ता निदान गाडी चालवताना इसरतो."

"दादाला कुणी गोळी दिली नव्हती," मी म्हणाले. "कुणी बघितलंच नव्हतं. अस्मिता घेते आहे, तिचा आकडा खाली आलाय."

"ती धीराची हाये."

"आणि तुमची पोरं?"

त्याने गिअर बदलला. स्टेशनवर मला उतरवताना म्हणाला, "रविवारी बघू." त्या रविवारी आला नाही. नंतरच्याही नाही. पण आता जीप बघून पळत नाही; थांबतो, बसवतो, गप्प चालवतो. माझ्या मते हे पुढे सरकणं आहे. माझ्या मैत्रिणींच्या मते मी फार लवकर खूश होते.

रक्ताच्या नळीला मुदत असते. ती हवा काढून बंद केलेली असते; आत हळूहळू हवा शिरते आणि मग ती रक्त नीट ओढत नाही. दिलीपच्या नावाची नळी माझ्या पिशवीत कायम असते. मुदत संपत आली की मी त्यावरची नावाची चिठ्ठी सोलून काढते, नव्या नळीवर चिकटवते आणि जुनी नळी टाकून देते. सध्याची तिसरी आहे. चिठ्ठीच्या कडा आता नीट बसत नाहीत, म्हणून वरून चिकटपट्टी लावली आहे.